पाठीवर केलेलं वजन

मोंढ्यात धान्याची हमाली करायचो तेव्हा मला काट्याची गरज पडायची नाही. पोतं पाठीवर आलं की दोन पावलांत कळायचं, अठ्ठ्याण्णव किलो आहे की एकशेदोन. अडते गंमत म्हणून मला आधी विचारायचे आणि मग मापाडी तेच पोतं काट्यावर टाकून आकडा ओरडायचा. किलो-दोन किलोच्या वर मी कधी चुकलो नाही. सहावीत शाळा सुटली, त्यानंतर मला नक्की येणारी अशी ही एवढीच गोष्ट होती. तिच्या भरवशावर मी एका माणसासाठी चाकाची खुर्ची निवडली, आणि ती चुकली. ते कसं झालं ते लिहायचं आहे.

त्या वर्षांत पाऊस नव्हता. एका वर्षी कमी पडला, पुढच्या वर्षी त्याहून कमी, आणि तिसऱ्या वर्षी मोंढ्यातल्या ओट्यांवर भरदुपारी कुत्री झोपायला लागली. मालच नाही तर हमाल कशाला. माझ्याबरोबरचे गडी चिकलठाण्याकडं नाहीतर बायपासला उठणाऱ्या बिल्डिंगांवर स्लॅब टाकायला गेले. मला उंचावर चक्कर येते, म्हणून मी राहिलो. गावाकडं जावं तर तिथं विहिरीत नुसता गाळ. माझं गाव देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या शिवेवर. इथून एसटीनं निघालं की पोचेपर्यंत अख्खा दिवस जातो.

मग एका अडत्याच्या मुनीमानं सांगितलं, "सिडकोत एक रिटायर साहेब हायत. अंगानं लई भारी. झटका येऊन डावी बाजू गेली. त्यांना उचलणारा माणूसच टिकत नाय. तुझी पाठ चांगली हाय, बघ जाऊन. राहायला जागा हाय, दोन टाइम जेवण हाय."

असा मी काकांच्या घरी आलो. काका पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. काकू वारलेल्या. एकच मुलगी, पुण्यात कंपनीत. तिला गल्लीत सगळे ताई म्हणायचे म्हणून मीही ताईच म्हणायला लागलो, वयानं ती माझ्याएवढीच असेल. पहिल्या दिवशी काकांनी गाव विचारलं आणि तेव्हापासून मला 'देगलूर' अशीच हाक.

"ऑफिसात आम्ही माणसाला गावानंच ओळखायचो," ते म्हणाले. "नावं फायलीत असायची."

काका उंच आणि रुंद होते. पलंगावर बसले की पलंगाची पाटी मधे वाकायची. डावा हात मांडीवर ठेवला तर तिथंच राहायचा. उजवी बाजू मात्र चांगली होती. त्यांच्यासमोर गुडघ्यात वाकायचं, त्यांचा उजवा हात माझ्या मानेभोवती घ्यायचा, माझे दोन्ही हात त्यांच्या पाठीमागं बांधायचे आणि "हं" म्हणायचं. पोतं उचलताना आम्ही असंच म्हणतो. "हं" म्हटलं की काका उठायचे. तिथून फिरवून शेजारच्या कमोडच्या खुर्चीवर, आणि परत पलंगावर. दिवसातून पाच-सहा वेळा.

बाकी दिवसभर घरात आवाज नसायचा. काका पेपर वाचायचे, धरणात किती पाणी उरलंय ते बघून पेन्सिलीनं पेपराच्या कडेला लिहायचे. मी भांडी घासायचो, कमी पाण्यात. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि मधल्या दिवसांत कोपऱ्यावर टँकर. संध्याकाळी मी गेटाजवळ उभा राहायचो. समोरच्या फ्लॅटांमधे दिवे लागायचे, माणसं स्कूटर लावून वर जायची. मोंढ्यात दिवसाला शंभर जणांनी हाक मारलेली असायची. इथं माझा आवाज मला फक्त "हं" म्हणताना ऐकू यायचा. असं असलं तरी मी उपकार मानत होतो. त्या वर्षी डोक्यावर पत्रा असणं आणि ताटात दोन भाकरी असणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको होतं.

मी येण्याआधी काकांकडं चाकाची साधी खुर्ची होती. तिचं बसायचं कापड शिवणीत फाटलं आणि खालचा तिरपा दांडा वाकला. तेव्हापासून काका पलंगावरच होते. ताई आली तेव्हा तिनं त्यांच्या पाठीवरचा लाल झालेला भाग बघितला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळाजवळ उभी राहिली. नळाला पाणी नव्हतं.

बाहेर येऊन तिनं मला सांगितलं, "दिवाळीपर्यंत बाबा रोज खुर्चीत बसायला लागले, ओट्यावर यायला लागले, तर ठीक आहे. नाहीतर मी त्यांना पुण्याला घेऊन जाते. तिथं केंद्र आहे, नर्स असतात. घर बंद करावं लागेल. असं पडून पडून त्यांना जखमा होतील, डॉक्टर म्हणालेत."

"व्हय ताई."

"त्यांना तोलेल अशी खुर्ची बघा. जड माणसांसाठीची वेगळी मिळते. तुम्ही दुकानात जाऊन बघा, मला फोनवर सांगा, मी घेते."

ताई गेल्यावर काका भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "देगलूर, मला केंद्रात जायचं नाही." एवढंच. मला तर जायला दुसरी जागाच नव्हती. दोघांचंही त्या खुर्चीवर येऊन थांबलं होतं.

औरंगपुऱ्याच्या बाजूला सर्जिकल सामानाचं दुकान होतं. दुकानदार म्हातारे, टोपीवाले, चष्मा कपाळावर. मी आत जाऊन उभा राहिलो.

"बोलो भाई, कोणासाठी?"

"साहेबांसाठी. जड हायत."

"जड म्हणजे किती? वजन सांगा."

"एकशेवीस."

"काट्यावर केलं?"

"पाठीवर केलं."

त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडं बघितलं. "पाठीवर? मियाँ, ये सर्जिकल का दुकान है. वजन बरोबर पाहिजे."

"मी मोंढ्यात हमाल होतो चाचा. रोज उचलतो त्यांना. एकशेवीस. फार तर एखाद-दोन किलो इकडं-तिकडं."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यांनी पुढं वाद घातला नाही. खुर्च्या दाखवल्या. साध्या खुर्चीला खाली तिरपा दांडा एक जोडी, जड माणसाच्या खुर्चीला दोन जोड्या. पुढची छोटी चाकं रुंद. बसायचं कापड दुहेरी. हात टेकायची दांडी निघणारी, म्हणजे माणसाला बाजूनं सरकवता येतं. "माणसाच्या वजनाच्या वर वीस-पंचवीस किलो सोडून खुर्ची घ्यायची," चाचा म्हणाले. "तुमचे एकशेवीस, तर ही घ्या, एकशेचाळीसवाली. याच्या वरची पण येते. मागवावी लागेल, आठ दिवस. रुंद असते, दारातून जायची पंचाईत होते."

मी एकशेचाळीसवालीवर हात ठेवून दाबून बघितलं. गाडा बघतो तसं. चांगली वाटली. घरी मी दारं मोजलेली होती, ही त्यांतून जात होती. तरी मला भीती होतीच. दुकानातून निघाल्यावर दोनदा परत गेलो. एकदा चाकाचा ब्रेक बघायला, एकदा उगाच. चाचा म्हणाले, "भाई, खुर्ची है, रिश्ता नहीं है. सोच-सोचकर बुढ्ढे हो जाओगे."

काकांना घरी काट्यावर घ्यायचं मी आधी सुचवून बघितलं होतं. त्यांनी पेपर खाली ठेवला होता. "मी भुसार माल आहे का?" मग मी पुन्हा विषय काढला नव्हता. दुकानात एकशेवीस सांगून आलो हे घरी सांगितलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत. चेहरा जरा उजळल्यासारखा वाटला. मला वाटलं, माझ्या अंदाजाचं कौतुक.

खुर्ची आली. पहिल्या दिवशी काका हॉलपर्यंत आले, दुसऱ्या दिवशी ओट्यावर. त्यांनी गल्ली बघितली. कोपऱ्यावर जिथं मोकळं मैदान होतं तिथं पाच मजले उभे राहिले होते. "हे कधी झालं?" त्यांनी विचारलं. मला काय माहीत, मी आलो तेव्हापासून ते तिथंच होते. मी फोनवर ताईला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांचा फोटो पाठवा." मी पाठवला. फोटोत काका हसत नव्हते, पण बसले होते.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी खुर्ची ओट्यावर घेत होतो. उंबऱ्यावरून पुढची चाकं उतरली आणि खालून दाताखाली खडा आल्यासारखा आवाज आला. उजव्या पुढच्या चाकाला धरणारा लोखंडी काटा वाकला. खुर्ची पुढं उजवीकडं कलली. काकांचे दोन्ही पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पायट्यांवर, खाली ओट्याच्या दोन पायऱ्या. मी मागून सोडून पुढं आलो आणि त्यांच्या काखेखाली खांदा लावला.

सगळा भार माझ्यावर आला.

तेव्हा मला कळलं की हे एकशेवीस नाही. पाठीनं लगेच सांगितलं. इतके महिने ज्या माणसाला मी दिवसातून पाच वेळा उचलत होतो, तो हा माणूसच नव्हे असं वाटलं. ओरडावं तर गल्ली रिकामी. कोपऱ्यावर टँकर आलेला, सगळी माणसं हंडे-बादल्या घेऊन तिकडं. पाण्याचा आणि भांडणाचा आवाज येत होता, माझा तिकडं जात नव्हता. दोनदा ओरडलो. मग ओरडायला श्वास राहिला नाही.

"थांब," काका माझ्या कानाशी म्हणाले. "पाय काढतो."

त्यांनी उजवा पाय पायटीवरून हलवत हलवत काढला आणि पायरीवर रोवला. आणि भार कमी झाला. एकदम. मोंढ्यात दुसरा गडी पोत्याच्या खाली हात घालतो ना, तसा. मी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या कपाळाची शीर फुगली होती. आम्ही दोघं तसेच, एकमेकांना धरून, हंडे घेऊन दोन बाया आणि शेजारचे भाऊ परत येईपर्यंत.

मला काय चुकलं ते तिथंच कळलं. पोतं काही मदत करत नाही. ते जेवढं असतं तेवढं पाठीवर येतं. काका मात्र मी "हं" म्हटलं की दर वेळी उजवा पाय रोवून स्वतःला उचलत होते. त्यांचा जोर मी मोजलाच नव्हता. मी एकट्यानं उचलतो असं समजून चाललो होतो.

त्यांना परत पलंगावर घेतल्यावर काका म्हणाले, "ताईला सांगू नको."

मी सांगितलं नाही. रविवारी तिचा फोन आला. "खुर्ची कशी आहे?" मी म्हटलं, "बरी हाय." खुर्ची कोपऱ्यात एका बाजूला कललेली. तिच्याकडं पाठ करून बसलो तरी ती दिसायची. काका पेपर वाचत होते, पण कडेला काही लिहीत नव्हते. त्यांना लागलं असतं तर, हेच डोक्यात. पायऱ्या दोनच होत्या, पण पडायला दोन पुष्कळ. आणि ताईनं माझ्यावर सोपवलं होतं. मला कुणी आजवर काही सोपवलं नव्हतं, पोत्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर जाऊन मी ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. खुर्ची वाकली ते, मी खोटं बोललो ते, दुकानात काट्याशिवाय आकडा सांगितला ते.

"बाबांना लागलं का?"

"नाय. खरचटलंबी नाय."

"मग आता वजन करा," ताई म्हणाली. "नीट, काट्यावर. दिवाळीला अजून महिना आहे. या वेळी मला आकडा सांगा, अंदाज नको."

"व्हय ताई."

"आणि बाबा नाही म्हणाले तर माझ्याशी बोलायला द्या."

काका नाही म्हणाले. मग मी पलंगाच्या पायाशी बसलो. "काका, चूक माझी हाय. पण ह्या बारीला खरा आकडा नसंल तर चाचा खुर्ची देणार नायत, आन् ताई तुमाला न्यायला येतील. मग तुमी तिकडं, मी कुठं ते मलाबी ठाव नाय."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "गेट लावायचं," ते म्हणाले. "कुणाला बोलवायचं नाही. आकडा कागदावर लिहायचा. तोंडानं कुणी बोलायचा नाही."

मोंढ्यातला मापाडी माझ्या ओळखीचा. वयानं साठीचा, आवाज खणखणीत. माल नसल्यामुळं त्याचा काटा रिकामाच होता. रिक्षाटेम्पोत टाकून घेऊन आला. मी त्याला गेटावरच बजावलं, ओरडायचं नाही. तो म्हणाला, "मी काय येडा हाय का."

अंगणात काटा मांडला. घरातली जुनी सागवानी खुर्ची त्याच्यावर ठेवली. आधी रिकाम्या खुर्चीचं वजन. धान्य मोजताना रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, त्याला बारदान म्हणतात. मापाड्यानं काकांना ते समजावलं.

"म्हणजे आज बारदान खुर्ची आहे," काका म्हणाले. "बरं झालं. मला वाटलं मी."

मग मी त्यांच्यासमोर वाकलो. "हं" म्हणायच्या आधी थांबलो. "काका, तयार?" त्यांनी मान हलवली. या वेळी मला त्यांच्या पायाचा जोर कळला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते काट्यावरच्या खुर्चीत बसले. दोन्ही पाय मी काट्याच्या फळीवर घेतले, कुठं टेकू दिलं नाही. आकडा हलला आणि थांबला. मापाड्यानं मनातल्या मनात वजाबाकी केली आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं मान वर करून, गळा सोडून ओरडला, "एकशे अठ्ठेचाऽऽळीस. अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस बोला."

मोंढ्यात तीनदा बोलतात, म्हणजे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांना ऐकू जावं. मी डोळे मिटून घेतले.

भिंतीपलीकडून शेजारच्या वहिनींचा आवाज आला. "काका, एवढ्या दुष्काळात तुम्हीच तेवढे भरलेले दिसता."

मी काकांकडं बघायला घाबरत होतो. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मग ते घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, धरण मृतसाठ्यात गेलं. म्हणून खात्यानं साठा इकडं वळवला."

पलीकडं वहिनी हसल्या. मापाडी हसायला लागला तो काट्याला धरूनच बसला. मी हसलो नाही, मला रडू येत होतं, का ते माहीत नाही.

मापाड्याला सोडून आल्यावर काका म्हणाले, "झटका यायच्या आधी दवाखान्यात केलं होतं तेव्हा एकशेचाळीस भरलं होतं. तू एकशेवीस म्हणालास तेव्हा मला माहीत होतं. गप्प बसलो. ऐकायला बरं वाटलं." थोड्या वेळानं म्हणाले, "चूक तुझी एकट्याची नाही. ताईला तसं सांग."

मी ते ताईला सांगितलं नाही. तेवढं त्यांचं त्यांच्यापाशी राहू दिलं.

या वेळी दुकानात जाताना कागद घेऊन गेलो. वजन एकशेअठ्ठेचाळीस, काट्यावरचं. रुंदी चाचांनी सांगितली होती तशी घेतली. काकांना ताठ बसवून दोन्ही बाजूंना त्यांच्या खात्याची दोन जाड पुस्तकं उभी धरायची आणि पुस्तकांच्या मधलं अंतर मोजायचं, कारण माणूस झोपला की वेगळा भरतो आणि बसला की वेगळा. शिवाय मांडीची लांबी, आणि घरातल्या तिन्ही दारांची मापं. चाचांनी कागद उलटसुलट बघितला. "अब आया ना सही नाप," म्हणाले. एकशेऐंशी किलो तोलणारी खुर्ची त्यांनी मागवली. ती न्हाणीघराच्या दारातून जाणार नव्हती. ताईनं फोनवर मापं विचारून दाराची चौकट काढून टाकायला सांगितलं. गवंडी मिळायला वेळ गेला, सगळे गवंडी नव्या बिल्डिंगांवर. शेवटी मीच छिन्नी घेऊन काढली आणि तिथं जुन्या चादरीचा पडदा लावला.

खुर्ची दिवाळीच्या पाच दिवस आधी आली. नुसती खुर्चीच अठ्ठावीस किलोची. उंबऱ्याला मी दोन्ही बाजूंनी लाकडी उतार ठोकला. रोज दोन वेळा काकांना ओट्यावर नेऊन आणलं. दर वेळी मी खाली वाकून चाकाचे काटे बघायचो. काही झालं नाही, तरी बघायचो.

ताई नरकचतुर्दशीला आली. बॅग ठेवली आणि म्हणाली, "दाखवा." काकांना पलंगावरून खुर्चीत घेतलं, हॉलमधून ओट्यावर नेलं, तिथून न्हाणीघरात, परत हॉलमधे. ती मागं मागं चालत होती. खुर्चीच्या पाठीवर तिनं हात ठेवला, जोरानं दाबून बघितला. मग काकांचा सदरा वर करून पाठ बघितली. लाली गेली होती.

"बाबा, इथंच राहायचंय?"

"हो."

ती माझ्याकडं वळली. "तुम्हाला जमेल? वर्ष, दोन वर्षं?"

मी म्हटलं, "व्हय ताई, जमंल." दिवाळीला गावी जाता येणार नाही, आणि पुढच्याही नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. काकांना उचलणारा माझ्याशिवाय दुसरा कुणी नव्हता. तरी मी व्हय म्हणालो, आणि ते मनापासून होतं.

भाऊबीजेच्या दुपारी ताई पुण्याला गेली. गल्लीत पोरं फटाके उडवत होती, घराघरांत पाहुणे. मी काकांना आत घ्यायला गेलो तर ते म्हणाले, "बसू दे अजून थोडं." मी पायरीवर बसलो. समोरच्या पाच मजल्यांवर आकाशकंदील लागले होते. काही मजले अजून रिकामे होते, तिथं अंधार.

बऱ्याच वेळानं काकांनी विचारलं, "देगलूर, तुझ्या घरी कोण कोण असतं रे?"

मी सांगायला सुरुवात केली. आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन मुली. आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही. धाकटी पुतणी मला फोनवर ओळखत नाही, 'कोण काका' म्हणते. सांगता सांगता मी पुष्कळ बोललो, मधे थांबलो तर काका "मग?" म्हणायचे. दारातल्या पणतीतलं तेल संपलं तरी मी बोलतच होतो.